वाऱ्याचा डोळा

हे कुणी मानणार नाही. आजवर अकरा जणांना सांगितलं. अकराही जणांनी कॉफी संपवली, 'सरी, सरी, बरं बरं' म्हणत चपला घातल्या आणि चालते झाले. पण तुम्हा मंडळींच्या मांडीवर भिजवलेल्या अवरेकाळूच्या, वालाच्या दाण्यांच्या पराती आहेत. एकेक दाणा चिमटीत धरून सालीतून पिचकवायचा, म्हणजे तासभर तरी तुम्हाला हलता यायचं नाही. म्हणून तुम्हाला सांगतो. हात चालू राहू द्यात, तोंडं बंद.

गोष्ट सत्तावन्न सालची. आपल्या बेंगळूरच्या शिवाजीनगरातला नागोजी सुतार तुम्हाला ठाऊक आहे. त्याचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी घोड्यावर बसून इकडे आले. पुढे घोडी मेली, तलवारी गंजल्या, आणि कुठल्याशा पिढीत कुणाच्या तरी हातात रंधा आला, तो नागोजीपर्यंत सुटला नाही. त्याच्या रंध्याखालून निघालेली साल इतकी पातळ असायची, की ती डोळ्यांपुढे धरून पेपर वाचता यायचा. चष्म्यावाल्यांनी तक्रार केली तेव्हा कुठे त्यानं ते थांबवलं.

नागोजी दारं करत नसे. "दार कुणीबी करतंय," म्हणायचा. "दार बंद करायला असतंय. मी विंडो करतो." विंडो. घरी मराठी, बाजारात कन्नड, पण बांधकामावर गेलं की गवंडी, मेस्त्री, घरमालक सगळ्यांच्या तोंडी हाच शब्द. खिडकी म्हटलं की काम स्वस्तातलं वाटायचं. सत्तावीस वर्षांत नागोजीनं हा शब्द इतक्यांदा उच्चारला होता, की त्याची चव जिभेला लागेनाशी झाली होती.

त्या वर्षी त्यानं हयवदनरावांच्या घराचं काम घेतलं. हयवदनराव म्हणजे कँटोनमेंटातल्या एका शाळेत तेहतीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले मास्तर. राहायला बळेपेटेतल्या एका बोळात. एका बाजूला मिरच्या कुटायचं दुकान, दुसऱ्या बाजूला कापूस पिंजणारा, आणि मधे त्यांची बायको कृष्णाबाई, जिला दमा. दोन वर्षं ही बाई आडवी झोपली नव्हती. आडवं पडलं की छातीवर कुणीतरी जातं ठेवल्यासारखं व्हायचं. मग भिंतीला टेकून, गुडघ्यांवर उशी आणि उशीवर डोकं, अशी बसल्या बसल्या ती रात्र काढायची. डॉक्टर म्हणाले, बाईंना औषध नको, वारा द्या. म्हणून मास्तरांनी जयनगरात जागा घेतली.

तेव्हाचं जयनगर म्हणजे काय? आखलेले रस्ते, पुरलेले दगड, आणि वारा. माणसं फार थोडी. आषाढात तर असा वारा सुटायचा, की धोब्यानं इथं वाळत घातलेली धोतरं लालबागेत वाळायची.

भिंती खिडकीच्या उंचीला आल्या तेव्हा कृष्णाबाई एकदा टांग्यातून घर बघायला आल्या. वाळूच्या ढिगावर बसल्या, बराच वेळ धाप थांबू दिली, आणि बरोबर आणलेली कॉफी त्यांनी आधी मास्तरांना न देता नागोजीला दिली. नागोजीनं विचारलं, "अक्का, तुमच्या खोलीला विंडो कसली पायजे? दोन झडपांची का चार? गज उभे का आडवे?"

कृष्णाबाई म्हणाल्या, "नागोजी, मला आडवं झोपायचंय. तसली कर."

नागोजीनं हातातला पेला खाली ठेवला. इतकी वर्षं लोकांनी त्याच्याकडे रुंदी मागितली, उंची मागितली, नक्षी मागितली. झोप कुणी मागितली नव्हती. "करतो, अक्का," तो म्हणाला. आणि घरी जाऊन गोजराबाईला, म्हणजे बायकोला, म्हणाला, "शब्द देऊन बसलो. आता देवच राखणार."

त्यानं शिमोग्याचा साग आणला. एकविसाव्या फळीला होय म्हणाला, आधीच्या वीस परत पाठवल्या. साडेचार फूट रुंद, पाच फूट उंच, पश्चिमेच्या भिंतीत, थेट आषाढाच्या तोंडासमोर. झडप एका बोटानं ढकलली की उघडावी आणि फुंकरीनं मिटावी, अशी.

ज्येष्ठात गृहप्रवेश झाला. आणि त्या खोलीत वारा आला नाही.

बाहेर नारळीच्या रोपाची शेंडी जमिनीला टेकत होती. खिडकी सताड उघडी. आणि आत कृष्णाबाईंच्या उशाशी लावलेल्या उदबत्तीचा धूर सळईसारखा सरळ वर जात होता, छताला भिडत होता, आणि तिथंच गोळा होऊन राहत होता. वारा खिडकीपर्यंत यायचा, उंबऱ्यावर उभा राहिलेल्या परक्या माणसासारखा जरा घुटमळायचा आणि मागे फिरायचा. त्यात भिंतींचा ओला चुना. बळेपेटेत दोन शब्दांमागे एक धाप लागायची, ती इथं दर शब्दाला लागायला लागली.

मास्तरांनी नागोजीला बोलावून घेतलं.

"नागोजी, तुझ्या विंडोत खोट आहे."

"मास्तर, मला बोला. माझ्या आज्याला बोला. विंडोला बोलू नका."

"मग वारा का येत नाही? तेहतीस वर्षं मी पोरांना सांगत आलो, शब्दाचा अर्थ कळल्याशिवाय शब्द वापरू नये. तू दिवसाला चाळीस वेळा विंडो म्हणतोस. म्हणजे काय, ठाऊक आहे?"

"विंडो म्हंजे विंडो."

मास्तर उठले. बायकोची काळजी, चुन्याचा वास, सगळं बाजूला राहिलं आणि आतला मास्तर जागा झाला. कृष्णाबाईंच्या खोलीतच, पश्चिमेच्या खिडकीसमोरची पूर्वेची सबंध भिंत म्हणजे त्यांचं पुस्तकांचं कपाट होतं, जमिनीपासून छतापर्यंत, भिंतीतच बसवलेलं. त्यातून त्यांनी डिक्शनरी काढली. ती इतकी जाड होती, की बळेपेटेहून आणताना टांग्याचं घोडं दोनदा बसलं होतं. पान उघडलं, बोट ठेवलं.

"ऐक. हा शब्द मूळचा इंग्रजांचा नव्हेच. त्यांच्याही उत्तरेला, समुद्रापलीकडे, बर्फाच्या मुलखात दर्यावर्दी लोक राहत. लाकडाची घरं, मधे चूल, घरभर धूर. मग धूर जायला आणि उजेड यायला छपराला एक भोक ठेवत. काच नाही, झडप नाही, नुसतं भोक. त्या भोकाला ते म्हणत, विंडाउगा. विंड म्हणजे वारा. आउगा म्हणजे डोळा."

नागोजीच्या हातात पटाशी होती. ती हातातच राहिली.

"वाऱ्याचा डोळा," मास्तर म्हणाले. "हे लोक होड्यांतून इंग्लंडावर चाल करून गेले. लुटालूट केली, मग तिथंच राहिले, शेती केली, लग्नं केली. होड्या कुजल्या, पण शब्द राहिला. इंग्रजांचा स्वतःचाही एक जुना शब्द होता, त्याचाही अर्थ डोळ्याचं भोक असाच. तो मेला, हा जगला. हजार वर्षं इंग्रजांच्या तोंडात घासून घासून विंडाउगाचं विंडो झालं. आणि मग त्यांच्याबरोबर जहाजात बसून हा शब्द आपल्याकडे आला, तुझ्या जिभेवर बसला."

"डोळा," नागोजी म्हणाला.

"आणि गंमत ऐक. आपल्या संस्कृतात खिडकीला काय म्हणतात? गवाक्ष. गो म्हणजे बैल, अक्ष म्हणजे डोळा. बैलाचा डोळा. त्या बर्फातल्या माणसाची नि आपली ओळख नाही, देख नाही. त्यानं आपली बैलगाडी बघितली नाही, आपण त्याची होडी बघितली नाही. पण भिंतीला भोक पाडून दोन पावलं मागे सरकून बघितलं, तेव्हा दोघांनाही एकच गोष्ट दिसली."

एवढं सांगून मास्तरांचा आवेश उतरला. पलंगावर कृष्णाबाई उशीवर डोकं टेकून बसल्या होत्या, खांदे वरखाली होत होते. मास्तर हळू आवाजात म्हणाले, "पौर्णिमेपर्यंत बघतो, नागोजी. नाहीतर हिला परत बळेपेटेत नेतो. तिथं निदान ओला चुना नाही."

नागोजी घरी निघाला तो बसनं. आणि त्या बसमध्ये त्याला जे झालं ते सांगतो. त्यानं मान वळवली, तर दोन्ही बाजूंनी वाऱ्याचे डोळे, एकामागे एक, उघडे, आणि प्रत्येक डोळ्यात एकेक माणूस बाहुलीसारखा बसलेला. मार्केटच्या पोस्टात तिकिटं विकायची खिडकी दिसली. डोळा. शिंप्याच्या दुकानाची काच. डोळा. वरच्या मजल्यावरून एक बाई सांडगे मागत होती, ती डोळ्यातून ओणवली होती. सबंध बेंगळूर डोळ्यांनी भरलेलं होतं, आणि सत्तावीस वर्षं त्यातून फिरून नागोजीला ते दिसलं नव्हतं. शिवाजीनगरचा स्टँड आला तरी तो उतरला नाही. कंडक्टरनं दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा मारली तेव्हा बस पार गावाबाहेर येलहंक्याला पोचली होती.

पण खरा घाम त्याला परतीच्या वाटेवर फुटला. आमच्या समाजाच्या देवळातला भवानीचा लाकडी मुखवटा नागोजीनंच घडवलेला. तो कसा घडवला होता, ते त्याला आठवलं. नाक केलं, ओठ केले, कपाळ केलं, डोळे शेवटी. आणि डोळे कोरले म्हणून उघडले असं होत नाही. डोळ्यांवर मध-तूप लावून ठेवायचं. मुहूर्तावर सोन्याच्या काडीनं ते बाजूला करायचं. समोर माणसानं उभं राहायचं नाही, आरसा धरायचा, कारण पहिली नजर सोसत नाही. ती देवीची देवीनंच घ्यायची. मग गाय-वासरू दाखवायचं, तांदळाची रास दाखवायची, आणि मग माणसांनी पुढं यायचं. एवढं केलं नाही तर डोळे नुसते लाकडाचे. आंधळे.

"गोजरा," घरात पाऊल टाकताच तो म्हणाला, "सत्तावीस वर्षं मी डोळे करत आलो. एकाचाबी विधी केला नाही. नुसती बिजागरी लावली आणि आलो."

"जेवलात का?"

"एकोणीसशे चौदा विंडो! एकोणीसशे चौदा आंधळे डोळे घातले मी या गावाला!"

"उन्हाचं फिरू नका म्हटलं होतं," गोजराबाई म्हणाल्या आणि त्यांनी ताकाचा तांब्या पुढं केला.

दुसऱ्या दिवशी नागोजी जयनगरात हजर. मास्तरांना म्हणाला, "अक्कांच्या विंडोचे डोळे उघडायचेत. गाय-वासरू लागंल, आरसा लागंल, तांदूळ लागतील."

मास्तर म्हणाले, "नागोजी, मी तुला शब्दाची व्युत्पत्ती सांगितली. पूजा नाही सांगितली."

"तुम्ही सांगितलं, विंडो म्हंजे डोळा. डोळ्याचं काय करायचं ते मला ठाऊक हाये. तुमचं काम संपलं, मास्तर."

तेहतीस वर्षांत मास्तरांना इतकं सडेतोड उत्तर कुठल्या विद्यार्थ्यानं दिलं नव्हतं. ते उठून गवळ्याकडे निघाले. नागोजीबरोबर आलेल्या गोजराबाईंनी मात्र शंका काढली, "आषाढात कुणी डोळे उघडतं का? मुहूर्त तरी आहे का?"

"हा वाऱ्याचाच महिना," नागोजी म्हणाला. "त्याच्या महिन्यात त्याला मुहूर्त कुणी सांगायचा?"

झडपा मिटल्या. दोन झडपांच्या मधल्या फटीला वरपासून खालपर्यंत मध-तूप लावलं. सोन्याची काडी म्हणून गोजराबाईंच्या नाकातल्या चमकीची तार निघाली. गवळ्याची गाय आणि वासरू पुढच्या दारानं थेट झोपायच्या खोलीत आलं, आणि गाईनं मास्तरांचं उपरणं खाल्लं. मास्तरांच्या हाती त्यांचा दाढीचा आरसा दिला होता. तो दोन्ही हातांनी खिडकीसमोर धरून, पाठ वळवून ते उभे होते, आणि एखाद्या शाळा-इन्स्पेक्टरनं हे पाहू नये अशी मनात प्रार्थना करत होते. कृष्णाबाई पलंगावर उशी कवटाळून बसल्या होत्या. बोलायला श्वास नव्हता, पण त्या बघत होत्या.

नागोजीनं काल दुपारपासून काही खाल्लं नव्हतं. बाहेरच्या बाजूनं, भिंतीला पाठ लावून, खिडकीसमोर न येता, त्यानं हात लांब करून सोन्याची तार फटीतून वरून खाली ओढली. मध तुटला. एका बोटानं झडप ढकलली.

वारा आला. नागोजीला तो गालाजवळून जाताना कळला. खिडकीशी आला, आरशात त्यानं स्वतःला बघितलं असणार, कारण आरसा मास्तरांच्या हातात थरथरला. आणि मागे फिरला.

उदबत्तीचा धूर सरळ.

गाय बाहेर नेली. तांदळाची रास पाटावर तशीच राहिली. मास्तरांनी आरसा खुंटीला लावला आणि ट्रंक खाली काढली. बळेपेटेला न्यायची लुगडी त्यांनी स्वतः घडी घालायला घेतली. घडी त्यांना जमत नव्हती, मोडत होती, परत घालत होते.

नागोजी खोलीत येऊन जमिनीवर बसला. त्याला वाटत होतं, आपल्याच हातात दोष आहे. शब्द खरा, विधी खरा, मग खोटा कोण उरला? तो मान खाली घालून म्हणाला, "अक्का, माझ्याच्यानं झालं नाही."

कृष्णाबाईंनी उशीवरून डोकं उचललं. एक शब्द, एक धाप, असं त्या बोलू लागल्या. "नागोजी. तुझ्या. भवानीला." मास्तरांनी हातानंच खुणावलं, बोलू नकोस. त्यांनी ऐकलं नाही. "डोळे. किती. केले होतेस?"

"दोन की, अक्का."

"मग. मला. एकच का?"

मंडळी, हात थांबवू नका. नागोजीनं बसल्या जागेवरून एक डोळा मिटून खिडकीकडे बघितलं. तो सुतार होता, लाकूड सरळ आहे का बघताना जन्मभर त्यानं एक डोळा मिटला होता. एका डोळ्यानं रेघ दिसते. पण अंतर? खोली? ती बघायला दोन लागतात. हा वारा एका डोळ्यानं आत डोकावत होता आणि त्याला पुढची वाट दिसत नव्हती, म्हणून मागे फिरत होता. येईल खरा, पण जाईल कुठं? जायची वाट नाही तिथं वारा येत नसतो. पाहुणासुद्धा येत नाही.

नागोजीनं वळून समोरच्या भिंतीकडे बघितलं. पूर्वेची भिंत. छतापर्यंत पुस्तकं.

मास्तरांनीही बघितलं. त्यांच्या हातात लुगडं होतं. त्या भिंतीसाठी त्यांनी निवृत्त व्हायची वाट बघितली होती. बळेपेटेत पुस्तकं पोत्यात भरून माळ्यावर असायची. एकेका पुस्तकासाठी शिडी लावावी लागायची. हे कपाट झालं त्या दिवशी ते तासभर समोर खुर्ची टाकून नुसते बसले होते.

"दुसरी कुठली भिंत?" त्यांनी विचारलं.

"उत्तरेला स्वयंपाकघर, धूर येईल. दक्षिणेला शेजाऱ्याची भिंत लागून," नागोजी म्हणाला. "आणि डोळे समोरासमोरच पायजेत, मास्तर."

खोलीत कृष्णाबाईंच्या श्वासाचा आवाज येत होता, जुन्या भात्यासारखा. मास्तरांनी तो ऐकला. लुगडं खाली ठेवलं. कपाटापाशी गेले आणि पहिल्यांदा डिक्शनरीच उचलली, छातीशी धरली, आणि ओसरीवर नेऊन ठेवली. मग परत आले. "बघतोस काय? वरची फळी तू काढ. माझा हात पोचत नाही."

संध्याकाळपर्यंत भिंत रिकामी झाली. सकाळी गवंडी आला, भिंतीला भगदाड पडलं. पण चौकट? नवीन चौकट करायची तर लाकूड निवडण्यात, वाळवण्यात महिना जाणार, आणि पौर्णिमा परवावर आलेली.

नागोजी शिवाजीनगरला घरी गेला, स्वयंपाकघरात शिरला, आणि चुलीशेजारची खिडकी भिंतीतून सोडवायला लागला.

"अहो! काय करताय?" गोजराबाई भाजी चिरायचं सोडून धावल्या.

"ही अक्कांना."

"आणि मी काय करू? धुरात बसू?"

"त्या बर्फातले लोक बसायचे ते."

"मग बर्फातलीच करायची होती!" गोजराबाई म्हणाल्या. पण लग्नाच्या वर्षी नागोजीनं त्यांच्यासाठी केलेली ती पहिली खिडकी होती, आणि तिच्यात खोट नाही हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. त्यांनी पदर खोचला आणि दुसऱ्या बाजूनं चौकट धरली. "हळू. वरचा खिळा आधी. तो गंजलाय, मला ठाऊक आहे."

ती चौकट दोघांनी बसमध्ये चढवली. कंडक्टर म्हणाला, हिला टपावर टाका. नागोजी म्हणाला, जन्मभर ही भिंतीत उभी होती, आज पहिल्यांदा फिरायला निघालीय, हिला बाहेर बघू दे. तेव्हा दोन माणसं उठली, खिडकीला खिडकीजवळची जागा मिळाली, आणि जयनगर येईपर्यंत अख्खी बस तिच्यातून बाहेर बघत होती.

पौर्णिमेच्या सकाळी दुसरा डोळा बसला. पुन्हा मध-तूप, पुन्हा सोन्याची तार, पुन्हा गाय; उपरणं या खेपेला मास्तरांनी काढून ठेवलं होतं. आरसा धरताना मात्र त्यांनी पाठ वळवली नाही. पश्चिमेची झडप गोजराबाईंनी उघडायची आणि पूर्वेची नागोजीनं, दोन्ही एकदम.

दोन्ही झडपा उघडल्या.

आधी काहीच झालं नाही. बाहेरची नारळीची शेंडीसुद्धा सरळ उभी राहिली. सबंध जयनगर श्वास रोखून बसलं होतं जणू. मग पश्चिमेच्या खिडकीत उन्हातले धुळीचे कण जरा हलले. उदबत्तीचा धूर, छतापर्यंत ताठ उभा असलेला, त्याची शेंडी थरथरली. आणि हळूहळू, एखाद्या म्हाताऱ्या माणसानं देवापुढं वाकावं तसा तो धूर कमरेत वाकला. पार वाकला. आणि पलंगावरून, कृष्णाबाईंच्या कपाळावरून, पूर्वेच्या खिडकीतून एका रेघेत बाहेर निघून गेला.

मास्तरांच्या हातातला आरसा खाली आला. ज्या अर्थाला त्यांनी पुस्तकात बोट लावलं होतं, तो त्यांच्या बायकोची बट उडवत होता. हजार वर्षांपूर्वी कुण्या धुरकटलेल्या घरात कुणी तरी वर बघून डोळा म्हणालं होतं, ते शेंबड्या पोरासारखं उगाच म्हणालं नव्हतं.

नागोजी खिडकीबाहेर उभा होता. वारा त्याच्या तोंडावर येत होता, खोलीतून आलेला, चुन्याचा, उदबत्तीचा, आणि कृष्णाबाईंच्या डोक्याला लावलेल्या खोबरेलाचा वास घेऊन. त्याला हात जोडावेसे वाटले, पण कुणाला जोडायचे ते कळेना. म्हणून त्यानं चौकटीवर नुसता तळवा ठेवला.

आत कृष्णाबाईंनी एक श्वास घेतला. मग थांबल्या, जणू तो परत मागितला जाईल. कुणी मागितला नाही. त्यांनी दुसरा घेतला. गुडघ्यांवरची उशी काढून डोक्याकडे ठेवली, आणि दोन वर्षं न वापरलेली वाट आठवावी तशी, आधी कोपर, मग खांदा, मग पाठ, अशा त्या पलंगावर आडव्या झाल्या. गोजराबाईंनी तोंडाला पदर लावला. मास्तर पाटावर, तांदळाच्या राशीशेजारी, मटकन बसले.

आणि आता ऐका, ज्यासाठी अकरा जण उठून गेले ते. कृष्णाबाई जे झोपल्या, ते झोपल्या! तो दिवस गेला, दुसरा गेला. जयनगरात लोक चवड्यांवर चालायला लागले. भाजीवाला हातानं खुणा करून भाजी विकायचा. गवळ्यानं गाईच्या गळ्यातली घंटा काढली. वारासुद्धा खोलीत शिरताना चप्पल बाहेर काढून शिरायचा म्हणतात. तिसऱ्या दिवशी डॉक्टर आले, नाडी बघितली आणि पाय न वाजवता परत गेले. पुरते तीन दिवस आणि तीन रात्री, एका कुशीवर, एकसुद्धा खोकला न येता...

"खोटं!"

आम्ही बसलो होतो ती ओसरी त्यांचीच; स्वयंपाकघराच्या दारात कृष्णाबाई उभ्या होत्या. एका हातात कॉफीचं ताट, दुसरा हात कमरेवर.

"साफ खोटं! तीन दिवस झोपायला मी काय कुंभकर्णाची बहीण आहे? पाऊण तास झोपले मी. मोजून पाऊण तास! आणि तेसुद्धा धड झोपू दिलं नाही. दोन दिवसांचा उपाशी, जागा, तो नागोजी माझ्या खिडकीखाली आडवा झाला आणि असा घोरायला लागला, की त्या घोरण्यानं मला जाग आली!"